उभी गाडी का तापते?
काशीदच्या रांगेत मिळालेला एक धडा, गाडीवाल्यांसाठी आणि गॅरेजवाल्यांसाठीही

रमजान ईदचा दुसरा दिवस होता. आम्ही अलिबागहून मुरुडला पाहुण्यांकडे निघालो होतो. चौल, रेवदंडा मागे पडले, कुंडलिका खाडीवरचा पूल ओलांडला, कोर्लई आणि बोर्लीही सुखरूप पार पडली. पण काशीदच्या अलीकडे गाड्यांची जी रांग लागली ती काही केल्या हलेना. एका बाजूला सुरूची झाडे आणि पांढरी वाळू, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि मधल्या अरुंद रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या मोटारी, एस.टी., मासळीचे टेम्पो आणि ईदची सहल काढून निघालेली आमचीच माणसे, असा सगळा गोंधळ होता. आमच्यापुढे चार गाड्या सोडून एका मोटारीचे बॉनेट उघडलेले दिसले. आतून वाफ निघत होती. एक तरुण हातात पाण्याची बाटली घेऊन रेडिएटरचे झाकण उघडण्याच्या बेतात होता.

"हात लावू नको, बेटा! चेहरा भाजेल!" मागच्या टेम्पोतून उतरून एक वयस्कर गृहस्थ धावत आले. त्यांनी त्या मुलाचा हात धरून त्याला बाजूला घेतले. हे चाचा तीस-पस्तीस वर्षे गाड्यांची कामे केलेले मिस्त्री निघाले. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी चालकाला एकच प्रश्न विचारला.

"भाई, गाडी रस्त्यावर पळत असताना काटा वर जातो का?"

"नाही चाचा. पनवेलपासून इथपर्यंत काटा मधोमध होता. रांगेत उभे राहिलो आणि वर चढायला लागला. मागच्या आठवड्यात एका गॅरेजमध्ये दाखवली, तर ते म्हणाले हेड गॅस्केट गेले आहे, हेड उतरवावे लागेल, वीस-पंचवीस हजार तरी लागतील."

चाचा म्हणाले, "हेड राहू दे जागेवर. आधी पंखा बघू."

इंजिन निवेपर्यंत पाऊण तास गेला. निवल्यावर टाकीतले पाणी पाहून, लागेल तेवढे भरून, चाचांनी गाडी चालू करायला लावली आणि एसी लावायला सांगितला. पंखा हलला नाही. फ्यूज पाहिला, तो शाबूत होता. मग त्यांनी डब्यातला पंख्याचा रिले काढला आणि त्याच्याच शेजारचा, अगदी त्याच नंबरचा, एसीचा रिले त्या जागी बसवला. काटा मध्याच्या थोडा वर जाताच पंखा घरघरत सुरू झाला आणि दोन मिनिटांत काटा खाली आला. "एसी चालणार नाही, खिडक्या उघड्या ठेवा. मुरुडला किंवा अलिबागला नवीन रिले घ्या, दोन-तीनशे रुपयांचा असतो," एवढे सांगून चाचा आपल्या टेम्पोत जाऊन बसले. पैसे देऊ केले तर म्हणाले, "ईद आहे, दुआ करा."

ही हकीकत आम्ही येथे सांगतो ती चाचांच्या तारीफेसाठी नाही. आमच्या वाचकांत टेम्पोवाले, रिक्षावाले, मासळीचे व्यापारी, केटरिंगवाले आणि गॅरेजवाले पुष्कळ आहेत. गाडी हे आमच्यापैकी अनेकांच्या रोजीचे साधन आहे. वीस हजारांचे काम आणि तीनशे रुपयांचे काम यांतला फरक एका प्रश्नाने ठरतो, ही गोष्ट दोघांनी समजून घेण्यासारखी आहे: ज्याची गाडी आहे त्यानेही, आणि ज्याच्या हातात पाना आहे त्यानेही.

प्रश्नामागचे कारण

इंजिनात जळणाऱ्या इंधनाची सगळी ताकद चाकांपर्यंत पोहोचत नाही. ढोबळ मानाने एक तृतीयांश उष्णता धुरावाटे जाते आणि साधारण तेवढीच पाण्यावाटे बाहेर काढावी लागते. वॉटर पंप हे पाणी इंजिनाभोवती फिरवतो, तापलेले पाणी वरच्या होज पाईपने रेडिएटरमध्ये येते, तेथल्या बारीक नळ्या आणि जाळीतून जाताना वाऱ्याने थंड होते आणि पुन्हा इंजिनात जाते.

हा वारा कोठून येतो? गाडी ताशी ५०-६० किलोमीटरने पळत असली की समोरून आपोआप येतो. तेव्हा पंख्याची गरज जवळजवळ नसते. गाडी उभी राहिली की तो वारा थांबतो आणि सगळा भार पंख्यावर पडतो. म्हणून पळताना ठीक आणि उभी असताना गरम, अशी तक्रार असेल तर पहिला संशय वाऱ्यावर घ्यावा: पंखा, त्याची वीज आणि जाळीतून जाणारी हवेची वाट. उलट गाडी चढावर किंवा वेगात असताना तापत असेल आणि उभी राहिल्यावर निवत असेल, तर संशय पाण्यावर घ्यावा: नळ्या आतून तुंबलेल्या, वॉटर पंप झिजलेला, थर्मोस्टॅट अडकलेला. दोन्ही वेळा तापत असेल तर पाणी कमी आहे का, गळती आहे का, हे सर्वांत आधी पाहावे.

आमच्या वाडवडिलांच्या फियाट आणि अ‍ॅम्बॅसेडरमध्ये पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरत असे. इंजिन चालू असेपर्यंत पंखा फिरणारच, पट्टा तुटला तरच थांबणार. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिचे इंजिन आडवे बसवलेले होते आणि पंखा विजेवर चालणारा होता. असा पंखा गरज असेल तेव्हाच फिरतो, इंधन वाचते, इंजिन लवकर गरम होते. पण त्याच्या मागे मोटर, वायर, फ्यूज, रिले आणि उष्णता ओळखणारा स्विच किंवा सेन्सर अशी साखळी आली. साखळीची एक कडी निखळली तरी पंखा बंद. आज रस्त्यावरच्या जवळजवळ सर्व लहान मोटारी याच जातीच्या आहेत. तरीही अनेक मिस्त्रींचा हात अजून आधी पान्याकडे जातो, टेस्ट लॅम्पकडे नंतर.

तपासणीचा क्रम

जाणकार मिस्त्री स्वस्तापासून महागाकडे आणि सोप्यापासून अवघडाकडे जातो. खाली दिलेला क्रम चालकानेही समजून घ्यावा, म्हणजे गॅरेजमध्ये गेल्यावर काय विचारायचे ते कळेल.

पहिली गोष्ट पाण्याची पातळी. ही सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना पाहावी. बाजूच्या प्लॅस्टिकच्या टाकीवर दोन रेषा असतात, पाणी त्या दोहोंच्या मध्ये असावे. ते वारंवार कमी होत असेल तर गाडीखाली डाग आहे का, होजच्या तोंडाशी हिरवट किंवा गुलाबी सुकलेला थर आहे का, हे बघावे. गळती न काढता रोज पाणी ओतत राहणे म्हणजे भोक पडलेल्या हंड्यात पाणी भरणे होय.

दुसरी गोष्ट पंखा. इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसी लागला की थोड्याच वेळात पंखा फिरतो. मग एसी बंद करून गाडी उभ्या जागी चालू ठेवा आणि काट्यावर नजर ठेवा. साधारण ९५ ते १०० अंशांच्या आसपास पंखा सुरू झाला पाहिजे आणि पाणी निवल्यावर बंद झाला पाहिजे. एसीवर फिरतो पण उष्णतेवर फिरत नाही, असे असेल तर मोटर चांगली आहे, दोष स्विच, सेन्सर किंवा त्याच्या वायरीत आहे. दोन्ही वेळा फिरत नसेल तर फ्यूज, रिले, वायर किंवा मोटर. ज्या गाडीला दोन पंखे आहेत तिचे दोन्ही पाहावेत. एक बंद पडलेला पुष्कळदा कोणाच्या लक्षातच येत नाही. मात्र हे पाहताना हात, ओढणी, टायची टोके, बाहीचे टोक पंख्यापासून दूर ठेवा. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो.

तिसरी गोष्ट रिले आणि फ्यूज. रिले तपासण्याची सोपी युक्ती चाचांनी केली तीच: डब्यात त्याच नंबरचा दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून पाहावी. नंबर आणि पायांची रचना जुळत नसेल तर घालू नये. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घालावा. जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तार घालून वेळ मारून नेणारे आम्ही पाहिले आहेत. फ्यूज उडतो तो वायर जळू नये म्हणून. तो नवा घातल्यावर पुन्हा उडत असेल तर मोटर जाम होत आहे किंवा वायर कोठेतरी चेसिसला लागत आहे, असे समजावे.

चौथी गोष्ट मोटर. पंख्याचे सॉकेट काढून बॅटरीवरून सरळ १२ व्होल्ट देऊन पाहावे, अर्थात मध्ये फ्यूज ठेवून. जोमाने फिरला तर मोटर ठीक. हळू फिरला, अडखळला किंवा हाताने ढकलल्यावरच सुरू झाला तर कार्बन ब्रश किंवा बुश झिजले आहेत. वायरी उलट जोडल्या गेल्या तर पंखा उलटा फिरतो आणि वाऱ्याला रेडिएटरमधून ओढण्याऐवजी पुढे ढकलतो. कोणी आधी मोटर उघडलेली असेल तर हेही पाहावे.

येथे किनाऱ्यावरच्या गाड्यांसाठी एक खास गोष्ट सांगितली पाहिजे. काशीद, नांदगाव, मुरुड, श्रीवर्धन या पट्ट्यात खाऱ्या हवेने सॉकेट आणि अर्थिंगचे बोल्ट गंजतात, हिरवे पडतात. मिस्त्री टेस्ट लॅम्प लावतो, दिवा पेटतो, म्हणून तो म्हणतो की करंट येत आहे, मोटर गेली. पण लहान दिव्याला करंट थोडा लागतो, पंख्याला तो १०-२० अँपिअरपर्यंत लागू शकतो. गंजलेल्या जोडातून दिव्यापुरता करंट जातो, पंख्यापुरता जात नाही. म्हणून पंखा जोडलेला असताना मीटरने व्होल्टेज मोजावे. बॅटरीला साडेबारा आणि पंख्याला आठ-नऊ मिळत असतील तर जोड घासून साफ करा, मोटर बदलू नका. या एका तपासणीने किती चांगल्या मोटरी भंगारात जाण्यापासून वाचतील!

पाचवी गोष्ट स्विच आणि सेन्सर. जुन्या गाड्यांत रेडिएटरवर दोन वायरींचा थर्मो स्विच असे. त्याचे सॉकेट काढून दोन्ही टोके जोडली की पंखा फिरला पाहिजे. फिरला तर स्विच खराब. नव्या, संगणक असलेल्या गाड्यांत असे करू नये. तेथे सेन्सरचे सॉकेट काढल्यावर बऱ्याच गाड्यांचा संगणक खबरदारी म्हणून पंखा आपणच सुरू करतो. तसे झाले तर पंखा, रिले आणि वायरिंग ठीक आहे, सेन्सर तपासा. स्कॅनर असेल तर संगणकाला किती अंश दिसत आहेत ते वाचावे आणि बाहेरून उष्णता मोजण्याच्या यंत्राने ताळा करावा. कधी कधी इंजिन गरम नसतेच, काटा किंवा त्याचा सेन्सरच खोटे बोलत असतो.

सहावी गोष्ट जाळी. पंखा फिरत आहे, तरीही उभी गाडी तापते, अशा वेळी हवेची वाट बंद आहे का ते पाहावे. रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो आणि त्या दोहोंच्या मधल्या फटीत पाने, कापूस, मेलेले किडे, चिखल यांचा थर साचतो. समोरून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसते, कचरा मध्ये असतो. जे हौशी लोक काशीदच्या वाळूत गाडी घालतात त्यांच्या गाडीत वाळू आणि खारट पाण्याचे तुषार भरतात. खाऱ्या हवेने अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक पापड्या भुसभुशीत होतात आणि बोट लावले तरी गळून पडतात. अशी जाळी धुऊन उपयोग नाही, ती बदलावीच लागते. चांगली जाळी धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे, बेताच्या जोराने मारावे. धुलाई केंद्रातल्या पंपाचा जोरदार फवारा जवळून मारला तर पापड्या वाकतात आणि वाट कायमची बंद होते. पंख्याभोवतीचे प्लॅस्टिकचे कडे मोडले म्हणून काढून टाकू नये. त्या कड्यामुळे पंखा पूर्ण जाळीतून हवा ओढतो, ते नसेल तर आजूबाजूचीच गरम हवा फिरवत बसतो.

वरातीच्या गाडीचा येथे मुद्दाम उल्लेख करतो. समोरच्या जाळीवर फुलांची झालर, बॅनर, चमकीचे कापड, एसी लावलेला, आणि गाडी पायी चालणाऱ्यांच्या मागे एक-एक पाऊल सरकते. नवरदेवाच्या गाडीतून वाफ निघाली की दोष नशिबाला दिला जातो. फुले लावा, पण जाळी मोकळी सोडा. जाळीसमोर जादा दिवे, पाट्या आणि लोखंडी गार्ड लावणाऱ्या टेम्पोवाल्यांनाही हेच लागू आहे.

सातवी गोष्ट झाकण. रेडिएटरचे झाकण हा नुसता बूच नाही. ते आतला दाब धरून ठेवते. साधे पाणी उघड्या भांड्यात १०० अंशांना उकळते, पण एक बारचा जादा दाब असेल तर तेच सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर चिरले किंवा स्प्रिंग ढिली पडली तर दाब राहत नाही आणि रांगेत उभ्या गाडीत पाणी लवकर उकळून टाकीतून बाहेर फेकले जाते. झाकण स्वस्त आहे; घेताना जुन्यावर लिहिलेल्या दाबाचेच घ्यावे.

आठवी गोष्ट एअर लॉक. नुकतेच पाणी बदलले किंवा होज बदलला आणि त्यानंतर गाडी उभ्या जागी तापू लागली, तर आत हवा अडकली आहे असे समजावे. गाडीचे नाक थोडे वर करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, थंड इंजिनात हळूहळू पाणी भरावे आणि जेथे हवा काढण्याचा स्क्रू दिला आहे तेथून ती काढावी.

त्यानंतर वॉटर पंप आणि त्याचा पट्टा. पट्टा ढिला असेल किंवा पंपाची पाती गंजून झिजली असतील, तर इंजिन मंद चालत असताना पाणी पुरेसे फिरत नाही. अ‍ॅक्सिलेटर थोडा दाबल्यावर काटा खाली येत असेल तर ही शक्यता धरावी. सरळ बसवलेल्या इंजिनाच्या जुन्या डिझेल जीप आणि टेम्पोंत पंखा अजूनही इंजिनावर फिरतो आणि काहींत त्याला तेलाचे कपलिंग असते. इंजिन गरम करून बंद करा, किल्ली काढा आणि पंखा हाताने फिरवून पाहा. तो सैल, गरगर फिरत राहिला किंवा कपलिंगवर तेलाचे ओघळ दिसले, तर कपलिंग थकले आहे.

थर्मोस्टॅट काढून फेकू नका

आपल्याकडे एक जुना गावठी उपाय आहे: गाडी तापते, थर्मोस्टॅट काढून टाका. ही झडप साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडते आणि इंजिनाला योग्य उष्णतेवर ठेवते. ती बंद अवस्थेत अडकली तर गाडी उभीही तापते आणि पळतानाही. तेव्हा ती बदलावी. पण काढून टाकली तर इंजिन सदैव थंड चालते, इंधन जास्त पिते, इंजिनाची झीज वाढते आणि मूळ रोग पंख्यात असेल तर तो तसाच राहतो. भांड्यात पाणी गरम करून थर्मोस्टॅट उघडतो की नाही हे पाच मिनिटांत कळते.

पाण्याच्या बाबतीतही तसेच. किनाऱ्यालगतच्या अनेक विहिरींचे आणि बोअरचे पाणी मचूळ असते. ते पाणी रेडिएटरमध्ये घातले की आतून क्षार धरतात आणि अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते. कंपनीने सांगितलेले कुलंट आणि डिस्टिल्ड पाणी सांगितलेल्या प्रमाणात मिसळून घालावे. आमच्याकडे बर्फ पडत नाही, मग कुलंट कशाला, असे विचारणारे आहेत. कुलंट गंज रोखते आणि उकळण्याचा अंशही वाढवते. निम्मे कुलंट, निम्मे पाणी असे मिश्रण दाबाशिवायही सुमारे १०७ अंशांना उकळते. अडचणीच्या वेळी साधे पाणी घालावेच लागते, पण नंतर ते काढून टाकावे.

हेडचा निर्णय शेवटी

हेड गॅस्केट खरोखरच जाते. पण त्याच्या खुणा असतात. थंड इंजिनात झाकण उघडे ठेवून गाडी सुरू केली की पाण्यात सतत बुडबुडे येतात. इंजिन गरम होण्याआधीच वरचा होज दगडासारखा कडक होतो. गळती नसताना पाणी नाहीसे होते, गरम गाडीतूनही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसते. यांपैकी काहीच नसेल आणि गाडी केवळ उभी असताना तापत असेल, तर हेड उतरवण्याची घाई करणारा मिस्त्री एक तर अडाणी आहे किंवा गरजू. मात्र उलटही खरे आहे. पंख्याचे तीनशे रुपयांचे काम महिनोन्महिने टाळून तापलेली गाडी रेटत राहिलात, तर अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते, गॅस्केट खरोखरच जाते, आणि मग लेथवाल्याकडे हेडला फेसिंग मारण्याशिवाय गत्यंतर नसते.

रस्त्यात अडकलात तर

काटा वर चढताना दिसला की प्रथम एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर लावून त्याचा पंखा जोरात करा. उन्हात हे नको वाटते, पण हीटर हा इंजिनाचा लहानसा दुसरा रेडिएटरच असतो. पुढचा रस्ता मोकळा असेल तर चालत राहा, वारा लागला की काटा उतरेल. काटा लाल रेषेला टेकला किंवा वाफ दिसली तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. झाकण उघडू नका. किमान अर्धा-पाऊण तास थांबा, होज हाताला मऊ आणि कोमट लागू द्या, मग जाड कापड टाकून झाकण सावकाश सैल करा. तापलेल्या इंजिनात किंवा इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

धंद्याची बाजू

मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाली आणि मुंबईच्या मोटारी बोटीत बसून अलिबागेत उतरू लागल्या. शनिवार-रविवारी आणि सणासुदीला काशीदच्या रस्त्यावर जी रांग लागते, तिच्यात आमच्या तरुण कारागिरांना रोजगार आहे. मोटारसायकलवर एक पेटी: मीटर, काही प्रचलित रिले आणि फ्यूज, होजच्या क्लिपा, कुलंट, डिस्टिल्ड पाणी, उष्णता मोजण्याचे यंत्र. एवढ्या सामानावर अडलेल्या कुटुंबाला वाटेला लावता येते. मात्र अडलेल्याची अडवणूक करू नये. कुरआनमध्ये सूरह अल-मुतफ्फिफीन मापात पाप करणाऱ्यांविषयी आहे. न बिघडलेले हेड उतरवून पैसे घेणे हे मापात पाप नाही तर दुसरे काय? ग्राहकाची गाडी आमच्याकडे अमानत असते. त्याला बॉनेटखालचे कळत नाही, म्हणूनच तो विश्वासाने किल्ली देतो. काम करण्याआधी दोष दाखवावा, अंदाज सांगावा, बदललेला जुना सुटा भाग त्याच्या हातात द्यावा आणि पक्के बिल द्यावे. असा मिस्त्री एका गाडीत कमी कमावतो, पण त्याच्या दारात मोहल्ल्याच्या दहा गाड्या येतात.

एक चिंता रेडिएटरच्या कारागिरांविषयी. तांबे-पितळेचे रेडिएटर उघडून नळ्यांत सळई घालून साफ करणे आणि डाग देऊन गळती बंद करणे हे आमच्या अनेक घरांचे पिढीजात काम होते. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या सुट्या भागांच्या बाजारात हे हुनर पाहायला मिळे. आता मोटारींत अ‍ॅल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकच्या टाक्या आल्या. त्यांना जुना डाग धरत नाही, आणि गळाले की बहुतेक लोक नवेच बसवतात. ज्यांच्या हातात उष्णतेचे आणि पाण्याचे ज्ञान आहे त्यांनी अ‍ॅल्युमिनियमचे वेल्डिंग, एसीचे काम आणि पंख्याचे वायरिंग जोडीला शिकावे. मुलांना आय.टी.आय.त घालायचे असेल तर मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. विजेच्या मोटारी आल्या म्हणून हे काम संपेल, असे आम्हाला वाटत नाही. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांच्या बॅटरीही पाण्याने थंड करतात, त्यांनाही जाळी आणि पंखा आहे, आणि त्या जाळीतही काशीदची वाळू जाणारच आहे.

त्या दिवशी मुरुडला पोहोचायला आम्हाला उशीर झाला. ती मोटार खिडक्या उघड्या टाकून आमच्या पुढेच चालली होती, मागच्या काचेतून मुले हात हलवत होती. चाचांचा टेम्पो नांदगावच्या अलीकडे गर्दीत दिसेनासा झाला. त्यांचे नाव विचारायचे राहून गेले. त्यांचा प्रश्न मात्र प्रत्येक गॅरेजच्या दारावर लिहून ठेवण्यासारखा आहे: गाडी पळताना तापते, की उभी असताना?